नगररचना आणि तांत्रिक खात्यांची इमारत काढताय ना, मग आधी कागद कुठं राहणार ते ठरवा

प्रश्न असा आलाय. सांगलीचीच मुलगी, आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. थीसिसला महापालिकेच्या नगररचना, बांधकाम, पाणीपुरवठा, ड्रेनेज आणि विद्युत या सगळ्या खात्यांची एकत्र इमारत घेतलीय. साईट गावभागाच्या जवळ, नदीपासून फार लांब नाही. चार मजले, मधोमध मोठं ॲट्रिअम म्हणजे वरपर्यंत मोकळा चौक, तळमजल्यावर पुढं नागरी सुविधा केंद्र, मागं रेकॉर्ड रूम. रिव्ह्यूला सरांनी विचारलं, या इमारतीत दिवसभर नक्की चालतं काय? तिला सांगता आलं नाही. म्हणून विचारतीय की आत काय चालतं आणि कुठलं खातं कुठं ठेवायचं.

मी जेई म्हणजे कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि उपअभियंता म्हणून रिटायर झालो, मधली एकतीस वर्षं नदीकाठच्या तीन-चार गावांच्या नगरपालिका-महापालिकांत गेली. त्यामुळं जरा लांबलचक लिहितोय, वेळ काढून वाच बाळ.

पहिली गोष्ट, बाकी काही नाही बदललं तरी चालेल पण ती तळमजल्यावरची मागची रेकॉर्ड रूम आजच्या आज काढ.

कारण सांगतो. २००५ च्या पुरावेळी मी एका नगरपालिकेत होतो, नाव सांगत नाही. तिथं रेकॉर्ड जिन्याच्या मागच्या खोलीत होतं, कारण ती खोली दुसऱ्या कुणाला नको होती, बहुतेक ठिकाणी रेकॉर्डला जागा मिळते ती अशीच. पाणी आत शिरलं आणि चार दिवस राहिलं. उतरल्यावर आम्ही गेलो तर लोखंडी कपाटांची दारंच उघडेनात, आतला कागद भिजून फुगला होता आणि दाराला आतून दाबून बसला होता, शेवटी पहारीनं उचकटायला लागली. रुमालात बांधलेले गठ्ठे विटेसारखे झाले होते. अमोनिया प्रिंट, म्हणजे नकाशांच्या जुन्या पद्धतीच्या छापील प्रती, एकमेकांना चिकटलेले, सोडवायला गेलं की रेषा दुसऱ्या कागदावर. आणि जुने नकाशे ट्रेसिंग क्लॉथवर असायचे, ते कापड भिजलं की त्याची खळ सुटते आणि ते मऊ पांढरं फडकं होतं, काढणाऱ्यानं महिनाभर बसून काढलेलं काम धुऊन जातं. आम्ही गच्चीवर दोऱ्या बांधून नकाशे वाळत घातले, पण ऑगस्टमधलं ऊन ते काय, दोन-तीन दिवसांत बुरशी धरली. मी त्या दिवशी गच्चीवर रडलोय.

आणि ते नुकसान त्या दिवशी कळत नाही. दहा वर्षांनी कळतं. एका जुन्या मंजूर लेआउटमधली, म्हणजे प्लॉट पाडलेल्या नकाशातली, खुली जागा होती, लोकांनी तिथं झाडं लावलेली, पोरं खेळायची. एक दिवस कुणीतरी येऊन म्हणालं ही जागा माझी. लेआउटची मंजूर प्रत पालिकेत असायला पाहिजे होती, ती पुरात गेलेली. त्या कॉलनीतली म्हातारी माणसं माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहायची आणि माझ्याकडं दाखवायला कागद नव्हता. म्हणून म्हणतो, अशा इमारतीत सगळ्यात मोलाचं काय असेल तर ते कागद आहेत. साहेबाची केबिन, कॉन्फरन्स हॉल, दर्शनी भाग हे सगळं नंतर.

आता तुझ्या साईटचं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरची पातळी तुला माहितीच असणार, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. २००५ ला पाणी ५४ च्या जवळ गेलं, २०१९ ला ५७ च्या वर, २०२१ ला परत ५४ च्या पुढं. पण एक चूक बरीच पोरं करतात, हे फूट म्हणजे तुझ्या साईटवर उभं राहिलेलं पाणी नव्हे, ते पुलाजवळच्या मोजपट्टीवरचे फूट आहेत. पट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून किती मीटरवर आहे ते पाटबंधारे खात्यातून घे, मग तुझ्या साईटची लेव्हल काढ, कॉलेजातनं ऑटो लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, मिळत असेल तर दोन मित्रांना घेऊन एका सकाळचं काम आहे. आणि आजूबाजूच्या घरांत जाऊन विचार, बऱ्याच भिंतींवर २०१९ च्या पाण्याची रेघ लोकांनी रंगवून ठेवलीय, ती रेघ आणि तुझा हिशोब जुळतो का बघ. त्याशिवाय निळी रेषा आणि लाल रेषा. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळ्यापासून लालपर्यंत नियंत्रक क्षेत्र. साईट निळ्याच्या आत येत असेल तर थीसिस तिथंच संपला, दुसरी जागा बघ. दोन्हीच्या मध्ये असेल तर पुढचं वाच.

मग तू म्हणशील ठीक आहे काका, रेकॉर्ड रूम वर नेते. तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात जागा आहे. तर तसंही नाही. कागदाचं वजन कुणी मोजत नाही म्हणून हिशोबच करून दाखवतो. साधा ए फोर कागद ७५ जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅमचा, एकाचं वजन पावणेपाच ग्रॅमच्या आसपास. फळीच्या एक मीटर लांबीत दाबून ठेवले तर दहा हजार कागद बसतात, म्हणजे ४५ किलोच्या वर. सहा फळ्यांचा रॅक झाला पावणेतीनशे किलोचा. दोन रॅक पाठीला पाठ लावून ठेवले तर साडेपाचशे किलो, जागा व्यापली ८० सेंटिमीटर खोल, वर ८० सेंटिमीटरची वाट धर, म्हणजे चौरस मीटरला ३४० किलोच्या आसपास. आता आयएस ८७५, म्हणजे इमारतीवर किती भार धरायचा त्याचं भारतीय मानक, त्याच्या दुसऱ्या भागात साध्या ऑफिसच्या स्लॅबला चौरस मीटरला २५० किलोच्या आसपास भार धरलाय, जिथं फायलींची साठवण वेगळ्या खोलीत असते तिथं. फायलींच्या खोलीला ५०० किलो. आणि हल्ली ते रुळावर सरकणारे कॉम्पॅक्टर घेतात, त्यात वाटच काढून टाकलेली असते, मग तोच हिशोब पावणेसातशेवर जातो आणि लोखंडाचं वजन अजून वेगळं. साध्या ऑफिसच्या स्लॅबवर कॉम्पॅक्टर बसवून खाली बीमला तडे गेलेले मी स्वतः बघितलेत.

म्हणून रेकॉर्ड रूम पहिल्या मजल्यावर घे, खाली नुसतं स्टिल्ट पार्किंग, म्हणजे खांबांवरची भिंती नसलेली गाड्यांची जागा, ठेव, आणि तेवढ्या भागात कॉलम जवळ जवळ घे, ॲट्रिअमसाठी तू आठ मीटरचे गाळे धरलेत तिथं चार-साडेचारवर ये. पाणी आलं तर गाड्यांच्या जागेत येईल, येऊ दे. रेकॉर्डच्या डोक्यावर संडास-बाथरूम नको, पाण्याची टाकी नको, आणि शेजारी इलेक्ट्रिक पॅनल तर अजिबात नको. २०१२ च्या जूनमध्ये मंत्रालयाला आग लागली तेव्हा किती खात्यांच्या फायली गेल्या ते सगळ्यांनी बघितलंय. नकाशे गुंडाळून कोपऱ्यात उभे ठेवतात ते चूक आहे, आडव्या ड्रॉवरची कपाटं लागतात, ए झिरो शीट ८४१ बाय ११८९ मिलिमीटरची असते, तर कपाट भिंतीला लावून समोर ड्रॉवर पूर्ण ओढता येईल आणि माणूस उभा राहील एवढी जागा सोड. रेकॉर्डच्या दाराशेजारी स्कॅनिंगची खोली घे. लोक म्हणतात सगळं ऑनलाईन झालं आता कागद कशाला, तर बाळ, जुनी मंजुरी ही कागदावरच दिलेली आहे, आणि फायलींची वर्गवारी असते, अ वर्ग म्हणजे कायम ठेवायचं, ब म्हणजे ३० वर्षं, क एक १० वर्षं, क ५ वर्षं, ड एक वर्ष. विकास आराखडा आणि मंजूर लेआउट हे कायमचं रेकॉर्ड. तू आज धरलेली खोली तुझ्या नातवंडांच्या वेळी पण वापरात असणार आहे.

आता दिवसभर काय चालतं ते.

सकाळी जेई लोक बहुतेक साईटवर असतात. पाईप फुटलेला असतो, रस्त्याचं काम चालू असतं, कुणाच्या तरी जोत्याची तपासणी असते. दुपारी ते येतात ते चिखलाचे बूट घेऊन, हातात टेप, लेव्हल घ्यायची पट्टी, कधी टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राची पेटी. तुझ्या प्लॅनमध्ये त्यांना यायला पुढचं मोठं दारच आहे. बाजूला एक दार दे, तिथं हातपाय धुवायला नळ, हेल्मेट-रेनकोट टांगायला जागा, उपकरणांची कुलपाची खोली. हे कुठल्याच इमारतीत नसतं आणि मग टोटल स्टेशन साहेबाच्या कपाटावर धूळ खात पडतं. क्यूब टेस्टिंगचं, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद तपासायचं, मशीन ठेवायचं असेल तर ते तळालाच पाहिजे, जड आहे आणि हादरे बसतात, पण मोटर आणि पॅनल पुराच्या रेघेच्या वर. व्हॉल्व्हमन, तुंबलेली गटारं साफ करायची जेटिंगची गाडी, ड्रेनेजचा स्टाफ यांचा डेपो या इमारतीत आणू नको, त्यांना पहाटे चारला निघायचं असतं, त्यांची जागा वेगळी.

लोक येतात ते साधारण तीन प्रकारचे. एक आर्किटेक्ट आणि त्यांची पोरं, परवानगीच्या फायलीसाठी. परवानगी ऑनलाईन झाली तरी येतात, कारण त्रुटी निघाली की समोरासमोर नकाशा बघितल्याशिवाय उमगत नाही. दुसरे ठेकेदार, बिलासाठी, झालेल्या कामाची मापं लिहितात त्या मोजमाप पुस्तिकेवर सही झाली का बघायला, यांचं काम बांधकाम खाते आणि लेखा विभाग यांच्यात फिरत असतं, तर ती दोन खाती एका मजल्यावर ठेव म्हणजे जिना चढउतार वाचेल. तिसरा, आणि माझ्या दृष्टीनं ज्याच्यासाठी ही इमारत बांधायची तो, प्लॅस्टिकच्या पिशवीत सात-बारा आणि खरेदीखत घेऊन आलेला माणूस. झोन दाखला पाहिजे, आराखड्यातला आपल्या जागेचा भाग नकाशा पाहिजे, गुंठेवारीचं, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या प्लॉटचं, काय झालं विचारायचंय. सांगलीत हा माणूस फार मोठ्या संख्येनं आहे. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ चा, त्यातली मुदत नंतर वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना धरलं, आणि शामरावनगरसारख्या भागांत आयुष्याची कमाई घालून एक-दोन गुंठे घेतलेली माणसं आहेत. तो आत आला की त्याला पहिल्या वीस पावलांत कळायला पाहिजे की कुठं जायचं. तुझ्या ॲट्रिअममध्ये तो मधोमध उभा राहून वर बघत बसेल. मोठ्या रिकाम्या जागेत आमचा माणूस बुजतो, हे मी रोज बघितलंय, दाराजवळ भिंतीला चिकटून उभा राहतो आणि शिपायाला विचारतो.

म्हणून आवक-जावक, म्हणजे अर्ज घेऊन पोच द्यायची खिडकी, एकदम दाराशी. याला अजून एक कारण आहे. बांधकाम परवानगीच्या अर्जावर १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे ६० दिवसांत निर्णय कळवायचा असतो, ते दिवस अर्ज मिळाल्यापासून मोजतात, म्हणजे आवक शिक्क्याची तारीख ही त्या माणसाची हक्काची गोष्ट आहे. आवक जर दुसऱ्या मजल्यावर, तेही आत कुठंतरी असेल तर लोक थेट टेबलावर कागद ठेवून जातात, पोच मिळत नाही, आणि नंतर म्हणायचं अर्ज आलाच नाही. दाराशी खिडकी असली, तिथं शिक्का बसला, पोच हातात पडली, की निम्मी भांडणं होत नाहीत. खिडकीची उंची बसून बोलता येईल अशी ठेव, काचेला भोक पाडून वाकून बोलायला लावू नको.

आणि नकाशाची भिंत. विकास आराखड्याची शीट लोकांना बघायला लावलेली पाहिजे, पण ती लावतात शोभेसारखी, सात फुटांवर फ्रेम करून. हिशोब बघ, एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, चौकोन धरला तर साधारण १० मीटर बाजू. एकास दहा हजारच्या नकाशावर ते १० मीटर म्हणजे एक मिलिमीटर! एका मिलिमीटरवर त्या माणसाचं घर आहे आणि रस्त्याची रेघ त्यावरनं जाते की शेजारनं एवढंच त्याला बघायचंय. सिटी सर्व्हेच्या एकास पाचशेच्या शीटवर तेच घर दोन सेंटिमीटर होतं. तर भिंतीवर नुसता मोठा आराखडा लावून भागत नाही. नकाशा डोळ्याच्या उंचीला, खाली थोडा तिरका, वर चांगला उजेड, शेजारी एक टेबल जिथं मोठ्या स्केलची शीट उघडून किंवा स्क्रीनवर मोठी करून कुणीतरी समजावून सांगेल. तिथं एक रचना सहायक दिवसभर बसवला तरी वरच्या मजल्यांवरची गर्दी कमी होते, आणि त्या माणसाला एजंट गाठायला लागत नाही. माझ्या मते या इमारतीतली सगळ्यात चांगली जागा, उत्तरेचा उजेड येणारी, इथं द्यावी.

टेबलांचं एक सांगतो. सरकारी टेबल म्हणजे साहेब एका बाजूला आणि आलेला माणूस दुसऱ्या बाजूला. नकाशा असा बघता येत नाही, एकाला तो उलटा दिसतो. नगररचनेत उभं राहून बघायची उंच टेबलं दे, दोघं एका बाजूला उभे राहतील अशी. पंखा थेट त्या टेबलाच्या डोक्यावर नको, उन्हाळ्यात ट्रेसिंग उडतात म्हणून चारी कोपऱ्यांवर मोजमाप पुस्तिका ठेवून आम्ही नकाशे बघितलेत.

नगररचना आणि बांधकाम ही खाती शेजारी असली तरी एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. नगररचनेतले अधिकारी बऱ्याचदा राज्याच्या नगररचना खात्याकडून बदलीवर आलेले असतात, अभियंते पालिकेच्या आस्थापनेवरचे. आराखड्यात रस्ता आखला जातो तिकडं, पाईपलाईन टाकली जाते इकडं, आणि वर्षभरात तोच रस्ता दोनदा खणला जातो. एकच नकाशा खोली दोघांच्या मध्ये ठेव, दोन दारांची, जिथं पाण्याच्या लाईनी, ड्रेनेजच्या लाईनी आणि रस्ते एकाच शीटवर बघता येतील. चहाची जागा पण तिथंच दे. इमारतीनं माणसं बदलत नाहीत हे मला कळतंय, पण रोज एका टेबलापाशी उभी राहिली की विचारणं तरी सुरू होतं.

बायकांचं स्वच्छतागृह प्रत्येक मजल्यावर, येणाऱ्या लोकांसाठी पण, नुसतं स्टाफसाठी नव्हे. रॅम्प एकास बाराचा. हे नियमातच आहे, फार लिहीत नाही.

शेवटचं पुराच्या दिवसाचं, कारण ज्या दिवशी गाव पाण्यात असतं त्या दिवशी हीच इमारत सगळ्यात जास्त लागते. कोयनेतून विसर्ग किती सोडला, पुलावर पाणी किती फूट, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर इथली माणसं हलवली का, पंपिंग स्टेशन बंद पडलं तर प्यायच्या पाण्याचे टँकर कुठनं आणायचे, हे सगळं ठरवणारी माणसं या खात्यांतली. आणि तीच इमारत बंद असेल तर? मीटर, मेन पॅनल, जनरेटर, सर्व्हर हे सगळं २०१९ च्या रेघेच्या वर, आणि जनरेटरचं डिझेल पण. जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरतं, म्हणून प्यायची टाकी वर. तळमजल्यावर संडास असतील तर बाहेर पाणी दारापर्यंत यायच्या आधी ड्रेनेजमधनं उलटं येतं, त्या लाईनला उलटा न येणारा व्हॉल्व्ह बसव आणि वरच्या मजल्यांची लाईन वेगळी काढ. पहिल्या मजल्याच्या पातळीवर एखादा बाहेरचा जिना किंवा गॅलरी अशी ठेव की बोट लागू शकेल. मी बोटीतनं खिडकीत चढून ऑफिसात गेलोय.

आणि खरं विचारशील तर मी जागाच बदलली असती. महापालिका १९९८ ला झाली ती सांगली, मिरज, कुपवाड तिन्ही मिळून. गावभागातली इमारत सांगलीच्या जुन्या पेठांना जवळ, पण कुपवाडच्या माणसाला दोन वाहनं बदलायला लागतात, आणि पुरात मिरजेकडनं येणारा इंजिनिअर तिथं पोचतच नाही. विश्रामबाग-विजयनगरच्या बाजूला जमीन उंच आहे, कलेक्टर ऑफिस पण तिकडंच आहे, तिन्ही गावांना मध्ये पडतं. जुन्या गावात नुसती आवक खिडकी आणि नकाशा बघायची जागा ठेवता येईल. तू गावभागावर ठाम असशील तर तुझी कारणं मी समजू शकतो, म्हाताऱ्या माणसांना चालत येता यावं हे कारण लहान नाही. पण मग सेक्शन काढताना कागदावर पहिली रेघ २०१९ च्या पाण्याची मार, मजले नंतर. काळ्या मातीसाठी दोन ट्रायल पिट, म्हणजे जमीन तपासायचे खड्डे, घेतले असं रिपोर्टमध्ये नुसतं लिहू नको, शेजारी कुणाचं बांधकाम चालू असेल तर तिथला खड्डा जाऊन बघ, फाउंडेशन किती खोल गेलंय ते मिस्त्रीला विचार.

आणि पुढच्या रिव्ह्यूच्या आधी एक अख्खा दिवस, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, कुठल्याही नगररचना खात्याच्या बाहेरच्या बाकावर वही घेऊन बस. कोण आलं, काय विचारलं, किती वेळ थांबलं, कुठल्या मजल्यावर किती वेळा गेलं, एवढं लिहून काढ. ती वही आणि सुधारलेला सेक्शन दोन्ही पाठव, मी बघून सांगतो.